गोळी आज सुरू केली, मग फरक तीन आठवड्यांनी का? मेंदूच्या पेशी सेरोटोनिनवर स्वतःच लगाम ठेवतात

"आठ दिवस झाले गोळी खातेय, काडीचा फरक नाही. उलट मळमळतंय. बंद करून टाकते."

नैराश्याची गोळी सुरू केलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं. मग घरची मंडळीही भर घालतात. अम्मी म्हणते, "मी आधीच सांगत होते, या गोळ्यांची सवय लागते." चाचा म्हणतात, "डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात काम करते. ही आठ दिवसांत करत नाही, म्हणजे डॉक्टरचंच काहीतरी चुकलंय." कुणी दम केलेलं पाणी आणून देतं, कुणी दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता देतं. दहाव्या दिवशी गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि आजार आहे तिथेच राहतो.

यात कुणाचीच नियत वाईट नसते. सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला असतो: गोळी पोटात गेली, रक्तात गेली, मेंदूत पोहोचली, मग फरक का पडत नाही? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग मेंदूतल्या काही पेशींच्या एका सवयीत आहे. या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि आपण किती सोडलं यावर स्वतःच नजर ठेवतात. जास्त झालं असं वाटलं की स्वतःच हात आखडता घेतात. ही सवय समजली, तर ते पहिले दोन-तीन आठवडे काढणं थोडं सोपं जातं.

सेरोटोनिन आहे तरी काय?

१९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज या शास्त्रज्ञांनी रक्ताच्या सीरममधून एक पदार्थ वेगळा काढला. तो रक्तवाहिन्यांना ताण द्यायचा, त्यांचा 'टोन' वाढवायचा. सीरम आणि टोन यावरून त्याचं नाव पडलं सेरोटोनिन. त्याआधी इटलीत व्हिटोरिओ एर्स्पामर यांना हाच पदार्थ आतड्यात सापडला होता, फक्त त्यांनी त्याला वेगळं नाव दिलं होतं. पुढे १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग यांनी तो मेंदूतही असल्याचं दाखवलं.

आजही शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यातच असतं. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्याचा कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन, जो दूध, अंडी, मासे, मटण, डाळी अशा रोजच्या जेवणातून मिळतो. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण केळं खाऊन ते मेंदूत पोहोचत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारे तसले मेसेज सोडून द्यावेत.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यातल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख. त्या बहुतेक सगळ्या मेंदूच्या देठात, अगदी मधल्या रेषेवर बसलेल्या असतात. या जागेला 'राफे' म्हणतात. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ शिवण. कपड्याच्या मधोमध शिवण असावी तशी ही पेशींची रांग. संख्येने थोड्या असल्या तरी या पेशींच्या फांद्या मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात जातात. झोप, भूक, भीती, वेदना, मनाची उभारी या सगळ्यांत त्यांचा हात असतो.

म्हणूनच त्यांना लगाम हवा. एक पेशी हजारो ठिकाणी पोहोचत असेल, तर तिचं थोडंसं कमी-जास्त होणंही दूरवर जाणवणार. पण हा लगाम बाहेरून कुणी धरून बसलेला नाही. तो पेशीने स्वतःच्या अंगावरच बसवलेला आहे.

टाकीतला बॉलकॉक

आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत एक बॉलकॉक असतो. पाणी भरत गेलं की प्लास्टिकचा गोळा वर तरंगतो आणि एका पातळीला येणारं पाणी बंद होतं. पाणी वापरलं, पातळी उतरली की गोळा खाली येतो आणि पाणी पुन्हा सुरू. टाकीवर कुणी पहारा देत बसत नाही. पाण्याची पातळीच पाण्याला थांबवते.

सेरोटोनिनच्या पेशीत असाच बॉलकॉक असतो. त्याला ऑटोरिसेप्टर म्हणतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं कुलूप, ज्यात ठरावीक रसायनाचीच किल्ली बसते. साधारणपणे एक पेशी रसायन सोडते आणि ते समोरच्या पेशीच्या कुलपात जाऊन बसतं. अशा रीतीने निरोप पुढे जातो. पण काही कुलपं रसायन सोडणाऱ्या पेशीच्या स्वतःच्याच अंगावर असतात. तिने सोडलेलं सेरोटोनिन फिरून तिच्याच कुलपात बसतं आणि तिलाच सांगतं, "बस झालं."

हे बॉलकॉक मुख्यतः दोन जागी असतात.

पहिली जागा म्हणजे राफेमधल्या पेशीचा गाभा आणि त्याच्या आसपासच्या आखूड फांद्या. इथल्या कुलपाचं नाव ५-एचटी१ए. सेरोटोनिनचं रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सीट्रिप्टामाइन, त्यावरून हे ५-एचटी. या कुलपात सेरोटोनिन बसलं की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं उघडतात. पोटॅशियमचे धन भाराचे कण बाहेर पडतात, आतली बाजू जास्त ऋण होते आणि पेशीला पुढचा विजेचा ठोका देणं अवघड जातं. जागेपणी या पेशी सेकंदाला एक-दोन-तीन ठोके अशा संथ, घड्याळासारख्या लयीत चालत असतात. बॉलकॉक वर आला की ही लय आणखी मंदावते, कधी थांबतेही.

दुसरी जागा म्हणजे पेशीच्या लांब फांदीचं टोक, जिथून सेरोटोनिन प्रत्यक्ष बाहेर पडतं. इथल्या कुलपाचं नाव ५-एचटी१बी. टोकापर्यंत विजेचा ठोका पोहोचला की कॅल्शियम आत शिरतं आणि सेरोटोनिन भरलेल्या चिमुकल्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. ५-एचटी१बी मध्ये सेरोटोनिन बसलं की आत येणारं कॅल्शियम कमी होतं. ठोका आला तरी पिशव्या कमी रिकाम्या होतात.

घरावरच्या टाकीचंच उदाहरण द्यायचं तर पहिला बॉलकॉक गच्चीवरच्या टाकीत आहे, दुसरा थेट नळाच्या तोंडाशी. एक सगळ्या घराचं पाणी आवरतो, दुसरा त्या एका नळाचं.

वापरलेलं परत उचलायची सोय

टाकीला जसं पाणी येण्याचं तोंड असतं, तसं जाण्याचंही असतं. बाहेर सोडलेलं सेरोटोनिन तिथेच पडून राहिलं तर निरोप थांबणारच नाही. म्हणून पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, तो बाहेरचं सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेतो. या पंपाला सर्ट म्हणतात. आत आलेल्या सेरोटोनिनपैकी काही पुन्हा पिशव्यांत भरलं जातं, उरलेल्याचं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तुकडे करून टाकतं.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या आज सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या याच पंपावर जाऊन बसतात. पंप अडला की सेरोटोनिन बाहेर जास्त वेळ राहतं. यातली फ्लुओक्सेटिन अमेरिकेत १९८७ च्या शेवटी मंजूर झाली आणि पुढे जगभर गेली.

हिशोब सोपा वाटतो. पाणी जायचं तोंड बंद केलं, तर टाकी भरायलाच हवी. मग अडतं कुठे?

पहिल्या दिवशी नेमकं काय होतं

अडतं बॉलकॉकपाशी.

गोळी काही तासांतच पंप अडवते. राफेमध्ये पेशींच्या गाभ्याभोवती सेरोटोनिन झपाट्याने वाढतं. तिथला बॉलकॉक वर येतो. पेशीला वाटतं, आपण फारच सोडतोय. ती आपले ठोके कमी करते. परिणामी दूरवरच्या टोकांना, मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे फरक हवा असतो, तिथे सेरोटोनिन अपेक्षेइतकं वाढत नाही. एका हाताने गोळी वाढवते, दुसऱ्या हाताने पेशी कमी करते.

हे प्रयोगशाळेत उंदरांवर मोजून पाहिलेलं आहे. अशा औषधाचा एकच डोस दिला तर राफेमध्ये सेरोटोनिन भरपूर वाढतं, मेंदूच्या पुढच्या भागात त्या मानाने कमी. पण औषधासोबत ५-एचटी१ए हे कुलूप बंद करणारं रसायनही दिलं, तर पुढच्या भागातली वाढ ठळक होते. म्हणजे वाढीला अडवणारा तो बॉलकॉकच होता.

मॉन्ट्रियलमध्ये पिएर ब्लिए आणि क्लॉड द मॉन्टिन्यी यांनी १९८० च्या दशकात उंदरांना ही औषधं रोज देऊन राफेच्या पेशींचे ठोके मोजले. पहिले काही दिवस ठोके घटलेले. आठवड्याभराने थोडे सावरलेले. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा पूर्वीसारखे. गोळी चालू, पंप अडलेला, आणि तरीही पेशी आपल्या लयीत परतलेली.

कारण रोज रोज पाणी गोळ्याला टेकत राहिलं की बॉलकॉक ढिला पडतो. सतत सेरोटोनिन मिळत राहिल्याने राफेमधली ५-एचटी१ए कुलपं हळूहळू कमी संवेदनशील होतात. "बस झालं" हा इशारा पेशीला पूर्वीइतका जोरात ऐकू येत नाही. समोरच्या पेशींवरची त्याच नावाची कुलपं मात्र तितक्या सहज ढिली पडत नाहीत. म्हणून आता सेरोटोनिनचा निरोप पुढे नीट पोहोचतो.

आता त्या मळमळीकडे पाहा. आतड्यातही सेरोटोनिनची कुलपं आहेत आणि तिथला परिणाम लगेच जाणवतो. म्हणून मळमळ, पोट बिघडणं, थोडी अस्वस्थता हे आधी येतं आणि बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत ओसरतं. मनाला आराम उशिरा येतो. त्रासाचं घड्याळ वेगळं, आरामाचं वेगळं. आठव्या दिवशी गोळी सोडणारा माणूस नेमका त्रास सोसून आराम यायच्या आधी उठून जातो.

हे कळलं कसं?

१९६४ मध्ये स्वीडनमधल्या अॅनिका डाहलस्ट्रॉम आणि शेल फुक्से यांनी राफेच्या पेशींचा नकाशा काढला. मेंदूच्या पातळ कापांना फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली की खास प्रकाशात सेरोटोनिनच्या पेशी पिवळ्या चमकतात. त्या चमकीवरून त्यांनी कुठे काय आहे ते नोंदवलं.

चार वर्षांनी, १९६८ मध्ये, येल विद्यापीठातले जॉर्ज अगाजानियन आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या राफेतल्या पेशींचे ठोके ऐकत होते. एलएसडी हे नशेचं रसायन सेरोटोनिनसारखंच दिसतं. ते दिल्यावर या पेशी एकदम शांत झाल्या. पुढे १९७२ मध्ये त्यांनी ते रसायन अतिशय सूक्ष्म नळीतून थेट पेशीजवळ सोडलं, तरी पेशी शांत. म्हणजे थांबवणारा इशारा दुसरीकडून येत नव्हता, कुलूप पेशीच्या स्वतःच्या अंगावरच होतं.

बॉलकॉकच काढून टाकला तर?

साहजिकच डॉक्टरांच्या मनात आलं, की तीन आठवडे वाट का पाहायची? बॉलकॉक पहिल्याच दिवशी अडवू. पिंडोलोल हे रक्तदाबाचं जुनं औषध ५-एचटी१ए या कुलपातही जाऊन बसतं. १९९४ मध्ये स्पेनचे फ्रान्सेस्क आर्टिगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या गोळीसोबत पिंडोलोल देऊन पाहिलं आणि आशा वाटली. नंतरच्या चाचण्यांत निकाल संमिश्र आले. काहींत आराम लवकर आला, काहींत काहीच फरक नाही. मेंदूच्या पेट स्कॅनमधून एक कारण दिसलं: चाचण्यांत दिलेल्या डोसने फार थोडी कुलपं अडत होती. २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं विलाझोडोन पंप आणि कुलूप दोन्हींवर काम करतं. तेही इतर गोळ्यांपेक्षा नक्की लवकर आराम देतं असं सिद्ध झालेलं नाही.

यातून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बॉलकॉक हे उशिराचं एक मोठं कारण आहे, एकमेव नाही. पेशींना नवे जोड तयार करायला, जुने बदलायला वेळ लागतो. काही लोकांना पहिल्या दोन आठवड्यांतही थोडा फरक जाणवतो. आणि "नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता" हे जे सरसकट सांगितलं जातं, ते फारच अपुरं आहे. २०२२ मध्ये आधीच्या संशोधनांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा त्या साध्या समीकरणाला पक्का पुरावा मिळाला नाही. पण क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप 'क्रोसिनच्या कमतरतेने' येत नाही, तसंच हे आहे. आजार गुंतागुंतीचा आहे, आणि तरीही गोळीने कितीतरी लोकांना फायदा होतो.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं

पहिली गोष्ट, वेळ द्या. डॉक्टर साधारण चार ते सहा आठवड्यांनी गोळी लागू पडतेय का हे तपासतात. आठ दिवसांत निकाल लावू नका. फरक वाटत नसेल तर डोस किंवा गोळी बदलता येते, पण तो निर्णय डॉक्टरांसोबत बसून.

दुसरी, बरं वाटल्यावरही अचानक थांबू नका. या गोळ्यांची दारू-अफूसारखी तलफ लागत नाही, पण मेंदूने नव्या पातळीशी जुळवून घेतलेलं असतं. एकदम बंद केलं तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं असे त्रास होतात. डोस हळूहळू उतरवावा लागतो.

तिसरी, सुरुवातीच्या आठवड्यांत माणसाकडे लक्ष ठेवा. विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये या काळात बेचैनी किंवा जीव देण्याचे विचार वाढू शकतात. झोप अगदी कमी होऊन माणूस अचानक भलताच उत्साही, बडबडा झाला, तर तेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

चौथी, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं जरूर सांगा. ट्रॅमाडोल हे वेदनेचं औषध, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दिलं जाणारं लिनेझोलिड, यांच्यासोबत सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. लिनेझोलिड तर सेरोटोनिनचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. ताप, थरथर, खूप घाम, गोंधळलेपण दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

पाचवी, रमजान. यातल्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्यामुळे वेळ इफ्तारनंतर किंवा सहरीला बदलणं अनेकदा शक्य होतं. पण हे रमजान सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, मनानेच महिनाभर गोळी सोडू नका. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच आहे. ती आजारपणासाठी आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच.

"ईमान कमजोर झालंय", "रिकामं डोकं", "नजर लागली" हे शब्द आपण सहज बोलून जातो. ज्याच्या मेंदूतल्या पेशी त्या तीन आठवड्यांत आपला बॉलकॉक नव्याने बसवत असतात, त्याला हे शब्द जड जातात. दुआ करा, सोबत बसा, चहा करून द्या, आणि रात्री एवढंच विचारा, "आजची गोळी घेतलीस ना?"

बोलायला घरात कुणी नसेल किंवा रात्री-अपरात्री मन फारच खचलं, तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालू असते.